पत्र्याखालचं बी

औसा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर २०२० च्या मृगात ज्या २१ घरांचं सोयाबीन उगवलं नाही ती घरं ओळखू येतील, आणि त्यातली निम्मी माझ्या भावकीतली नाहीतर सोयरिकीतली आहेत. त्या वेळचं प्रकरण आकड्यांसकट मांडतोय. बिलबुकं अजून कपाटात आहेत. तेव्हा जे बोललो नाही तेही लिहिणार आहे, नाहीतर हे लिहायची गरजच नव्हती.

आधी माल. १८ मेला टेम्पो आला, त्यात जेएस ३३५ च्या एकाच लॉटच्या ६४ बॅगा. ३० किलोची बॅग, एकरी एक. हे वाण १९९४ चं. त्यानंतर परभणीच्या विद्यापीठाची एमएयूएस ७१, १६२ आली, राहुरीचं फुले संगम आलं, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून तीनशे पस्तीसच लागतं. बॅग २,३०० ला जायची, मला शंभर-सव्वाशे सुटायचे.

त्या वर्षी बी हलकं येणार हे धंद्यात सगळ्यांना माहीत होतं. २०१९ ला ऐन काढणीत पाऊस लागला तो नोव्हेंबर उजाडला तरी हटेना. बीजोत्पादनाचे प्लॉट भिजले. सोयाबीनची साल म्हणजे कांद्याचा पापुद्रा, आणि अंकुर तिला लागूनच. एकदा भिजून वाळलं की दाणा वरून पिवळाधमक दिसतो आणि आतून गेलेला असतो. टॅगवर उगवण किमान ७० टक्के असं छापलेलं होतं. मी टॅग वाचला आणि पावती फाडली.

एरवी बी मी दुकानाच्या आतल्या खोलीत ठेवतो. त्या मे महिन्यात आतली खोली भरलेली होती. डीएपीच्या गाडीबरोबर होलसेलरनं लिंकिंगचा माल टाकला होता: झाइमच्या बाटल्या, विद्राव्य खताच्या पिशव्या, कुणी न मागितलेलं एक बुरशीनाशक. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो, हवं ते खत पाहिजे तर नको तो मालही उचलावा लागतो, आणि मग तो आम्ही शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो. यात मी नुसता मार खाणारा नाही, पुढं मारणाराही आहे.

लॉकडाऊनमुळं हमाल नव्हते. पोरगा पुण्याची कंपनी बंद म्हणून घरी आलेला. आम्ही दोघांनी टेम्पो उतरवला. पहिल्या वीसेक बॅगा खांद्यावरून अलगद ठेवल्या, पुढच्या आदळल्या. सोयाबीनची बॅग आदळू नका, हे मी गिऱ्हाइकाला पंचवीस वर्षं सांगत आलोय.

आत जागा दहाएक बॅगांची. बाकीच्या गेल्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हे शेड भूकंपाचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत किल्लारी हललं आणि इकडं आमचा अर्धा वाडा बसला. पुढं मिळालेल्या पत्र्यांत आम्ही तीन वर्षं राहिलो, नंतर त्याच पत्र्यांचं गोदाम झालं. वाड्याची माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, एक खोली तेवढी उभी राहिली. भूकंपानंतर माळवदाखाली झोपायची हिंमत गावात कुणाची नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र तिथंच झोपतात. त्यांचं घरचं बीही तिथंच असतं, तागाच्या पोत्यात, भिंतीपासून हातभर लांब. त्या खोलीत मे महिन्यातही पाय गार पडतात. आणि पत्र्याच्या शेडमध्ये रोहिणीत दुपारी उभं राहवत नाही. बाहेर बेचाळीस असलं की आत किती असेल ते मी कधी मोजलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळाचं आभाळ आलं, हवा दमट झाली, पत्रा रात्री घामेजायचा. बॅगांची थप्पी त्याच भिंतीला लागून होती.

पाऊस त्या वर्षी वेळेवर आला. मृग निघाला आणि चार दिवसांत जमीन भिजली. लोक खूश, मी खूश. आठ ते चौदा जूनच्या दरम्यान दुकानावर तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांची रांग. मे महिन्यात नेलेल्या धरून ६४ पैकी ५८ बॅगा गेल्या, ३३ जणांना. त्यातल्या चोवीस जणांची उधारी, म्हणजे दिवाळीला सोयाबीन आडतीवर गेलं की चुकती करायची. हे लेखी काही नसतं. वहीत आकडा असतो आणि समोरच्याचा शब्द.

पहिला माणूस २१ जूनला आला. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. नात्यानं माझा मावसा लागतो. आत आला नाही, पायरीवर बसला.

"मालक, बी कसलं दिलाव? तासात दाणा तसाच हाय."

मावसा मला नावानं हाक मारतो. त्या दिवशी 'मालक' म्हणाला, तेव्हाच मला कळलं की प्रकरण जड जाणार.

मी त्याच्याबरोबर रानात गेलो. बोटानं तास, म्हणजे पेरणीची ओळ, उकरला. दाणा फुगून मऊ झालेला, दाबला की पांढरं पाणी निघायचं, वास येत होता. हातभर तासात चार रोपं. ट्रॅक्टरनं पेरलेलं होतं, दाणा तीन इंचांवर गेलेला. सोयाबीन दीड-दोन इंचांच्या खाली जाऊ नये. मी लगेच तेच बोललो: "मावसा, खोल गेलंय." तो काहीच बोलला नाही. आणि मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, कारण मी शोधायला गेलो होतो ते कारण मला मिळालं होतं.

चार दिवसांत २१ जण झाले. ३७ बॅगा, म्हणजे ३७ एकर. हे फक्त माझ्या दुकानाचं नव्हतं. सगळ्या मराठवाड्यातून ओरड सुरू झाली होती, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गुन्हे दाखल करण्याची भाषा पेपरात येऊ लागली. रात्री फोन वाजला की पोरगा आधी नंबर बघायचा. आम्ही विक्रेते एकमेकांना सांगायचो की आपण सीलबंद बॅग विकतो, आतलं काय आपण बघितलंय? युक्तिवाद कायद्यात बसतो. पायरीवर बसलेल्या माणसाला तो सांगता येत नाही.

आता बिलबुकाचं. दुकानाची बिलं माझी बायको फाडते. बारावीपर्यंत शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं अर्ज द्यायचे तर प्रत्येकाला बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि थोडं उरलेलं बी जोडावं लागतं. निम्म्या लोकांनी पिशवीचं केव्हाच पायपुसणं केलेलं. बिलांच्या दुसऱ्या प्रती काढायला ती २४ तारखेच्या रात्री बसली. अकराच्या सुमारास मला हाक मारली.

"अहो, हे बघा जरा. मे महिन्यात ज्यांनी नेलं त्यातलं कोणी आलंय का दुकानावर?"

मी बघितलं. १९ ते २५ मे: २१ बॅगा, १२ शेतकरी, बहुतेक रोखीचे. तक्रार एकाचीही नाही. ८ ते १४ जून: ३७ बॅगा, २१ शेतकरी. तक्रार सगळ्यांची. लॉट नंबर तोच. पाऊस तोच. पेरणीचा ट्रॅक्टर तर कित्येकांचा एकच. फरक एवढाच की बारा जणांचं बी आपापल्या घरात होतं आणि बाकीचं माझ्या पत्र्याखाली.

ती आणखी काही बोलली नाही. बिलबुकात पट्टी ठेवून उठली आणि दूध विरजायला गेली.

मी मात्र थांबलो नाही, त्याच रात्री उरलेल्या सहा बॅगांतून दाणे काढले. तीन बॅगा शेडमध्ये पत्र्याला लागून होत्या, तीन आतल्या खोलीत. पोतं भिजवून पिळलं, प्रत्येकी शंभर दाणे दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळून न्हाणीत ठेवले. आप्पांच्या घरच्या बियाचेही शंभर लावले, ते दसऱ्याच्या आधी काढलेलं, पावसात न सापडलेलं. पाचव्या दिवशी उघडलं. शेडमधल्या बॅगा: ३४, ३८, ४१. आतल्या खोलीतल्या: ६१, ६३, ५८. आप्पांचं: ८१.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. आतल्या खोलीतलं बीसुद्धा सत्तरला पोचलं नव्हतं, म्हणजे लॉट मुळातच कमजोर. मे महिन्यात नेलेल्या बारा जणांचंही रान विरळच होतं, मी नंतर जाऊन बघितलं. भागण्यापुरतं होतं म्हणून ते बोलले नाहीत. पण एकसष्टाचं चौतीस माझ्याकडं झालं. कमजोर बियाला ऊन आणि आदळआपट सोसत नाही. निरोगी बी कदाचित त्या शेडमधूनही निघालं असतं.

पुढं काय करायचं याला वेळ थोडा होता. दुबार पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत झाली तर ठीक, नंतर सोयाबीन पेरून उपयोग नाही. समिती येणार, पंचनामा करणार, कंपनी विचार करणार, तोवर पंधरा दिवस जाणार. पैसे परत द्यावेत तर ३७ बॅगांचे ८५,१०० होतात. होलसेलरचं देणं डोक्यावर होतं, आणि पैसे देऊनही बाजारात बी मिळतच नव्हतं. तेव्हा आप्पा म्हणाले, माझ्याकडं नऊ पोती हायत.

नऊ पोती म्हणजे ५४० किलो, अठरा एकरांचं बी. आप्पांना स्वतःला पाच एकरांचं लागतं. पण बाकीचं ते दरवर्षी भावकीसाठी ठेवतात आणि दरवर्षी भावकी माझ्या दुकानातून टॅगवालं घेते. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, घरचं बी तीन वर्षं खुशाल वापरावं असं कृषी खातंच सांगतं. दुकानदार म्हणून मी हे कधी मोठ्यानं बोललो नव्हतो, का ते उघड आहे.

परवानाधारक दुकानातून टॅगशिवाय बी देता येत नाही. शेतकऱ्यानं शेतकऱ्याला स्वतःचं, ब्रँड न लावलेलं बी द्यायला मात्र मुभा आहे. म्हणून दुकानाला कुलूप लावून वाड्यातून वाटप झालं, आप्पांच्या हातानं. कशावर द्यायचं? आमच्या आज्याच्या काळात बी सवाईनं जायचं, पोत्याला सव्वा पोतं. आप्पा म्हणाले, बरोबरीनं. सुगीला पोत्याला पोतं. तोंडी.

अठरा एकरांचं बी आणि मागणी सदतीस एकरांची. इथं मी खरा अडकलो. माझा चुलतभाऊ, चार बॅगांचा मालक, सकाळी सहाला दारात उभा. त्याच्या विहिरीला पाणी आहे, बावीस एकर जमीन आहे. बायकोनं आदल्या रात्री यादी केली होती: ज्यांना विहीर नाही आणि जमीन पाच एकरांच्या आत, ते आधी. तेरा नावांत बी संपलं. चुलतभाऊ चौदावाही नव्हता.

"घरच्याला मागं ठेवून गावाला वाटायलाव? आमचा हिस्सा हाय त्या रानात."

त्या रानात त्याचा हिस्सा नाही. वाटण्या १९८० च्या दशकातच झाल्या. पण त्याला तो हिस्सा म्हणायचा नव्हता, मला ते कळत होतं. भूकंपाच्या वेळी आम्ही दोघं एकाच पत्र्याखाली तीन वर्षं झोपलोय. आप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "तू तूर पेर. तुला जमतंय." तो गेला. त्यानं तूर पेरली, आणि तक्रारअर्जावर सही करणारा पहिला माणूस तोच होता. त्याचा राग मला पटतो. त्याच्या चार बॅगा शेडमधल्याच होत्या.

समिती जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली. तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीचे एक, विद्यापीठाचे एक शास्त्रज्ञ, कंपनीचा माणूस. रानं फिरले, तासातली रोपं मोजली, खोली मोजली. २१ पैकी १४ ठिकाणी बियाण्याचा दोष लिहिला, बाकी सात ठिकाणी खोल पेरणी. मग दुकानात आले. साठवणूक कशी होती, असं विचारलं.

मी म्हणालो, "फळ्यांवर, हवेशीर."

फळ्या होत्या. मग त्यांनी त्या लॉटची न फोडलेली बॅग मागितली. चिमूटभर दाणे काढलेल्या सहा बॅगांपैकी पाचांची शिलाई मी उसवली होती. एकीतून कोपऱ्याला बारीक छिद्र पाडून काढले होते. ती तेवढी सीलबंद म्हणावी अशी होती आणि ती पत्र्याला लागून ठेवलेल्यातली होती. दुसरी नव्हती, हे खरं. पण ही बॅग कुठं होती हे मी सांगितलं नाही, छिद्राचंही सांगितलं नाही, हेही खरं. कंपनीचा माणूस म्हणत राहिला, आमचा रिपोर्ट ७२ चा आहे, एवढं पडत नसतं. माझी बायको चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवले आणि माझ्याकडं न बघता आत गेली.

पंचनाम्यावर कंपनीनं १२ जुलैला १५ बॅगा पाठवल्या; तोवर बऱ्याच जणांनी तूर टाकलेली, नऊच उचलल्या गेल्या. ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला: ४०. त्याच्या जोरावर राहिलेल्यांच्या नावे क्रेडिट नोट निघाली. मी खरं सांगितलं असतं तर कंपनीनं बोट माझ्याकडं दाखवलं असतं, माझा परवाना निलंबित झाला असता आणि शेतकऱ्यांना ती नोट मिळाली नसती. हा हिशोब मी इतक्या वेळा केलाय की आता तो मला पाठ आहे. तो बरोबर येतो, आणि तरी मी तो पुन्हा करतो.

दुबार पेरलेलं सोयाबीन तीन आठवडे उशिरा पक्व झालं. १४ ऑक्टोबरच्या आसपास जो पाऊस झाला त्यात पहिल्या पेऱ्याचं बरंचसं खळ्यावर आलेलं होतं, दुबारचं उभंच होतं. शेंगेतच कोंब फुटले. म्हणजे माझ्या शेडमधले तीन आठवडे ऑक्टोबरात पुन्हा वसूल झाले, त्याच लोकांकडून. या २१ जणांकडं दुकानाची १,८६,००० उधारी होती, दिवाळीपर्यंत ७१,००० आली. मी कुणाच्या दारात गेलो नाही. लोक म्हणाले मालक मोठ्या मनाचा आहे. जायला तोंड नव्हतं, एवढंच.

पुढच्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेलं. त्या भावाला विकायला आमच्या गावात कुणाच्या घरी दाणा नव्हता.

घरच्या बियाच्या तेरा जणांपैकी नऊ जणांनी पोत्याला पोतं परत आणून दिलं, दोघांनी त्याऐवजी तूर दिली, दोघं राहिले. मावशीच्या घरचं पोतं २०२२ ला आलं, मावसा तोवर गेला होता. पोरानं आणलं, म्हणाला बापानं सांगून ठेवलं होतं. आप्पांनी कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. त्याच वर्षी चुलतभावाच्या पोरीचं लग्न झालं. पत्रिका आली, पण गड्याच्या हातानं. आम्ही गेलो, जेवलो, आहेर केला. त्यानं हात जोडले, जसे सगळ्यांना जोडत होता.

आप्पांना मी शेडचं सांगितलं ते वर्षभरानं, एका दुपारी त्यांच्या खोलीत. ते म्हणाले, "ठाऊक हाय. पत्रा तापल्याला वास मला इथवर येतो." मग पाणी मागितलं.

चुलतभावाला अजून सांगितलेलं नाही. तो हे वाचेल असं वाटत नाही, मोबाईलवर तो फक्त आडतीचे भाव बघतो. पण कुणीतरी त्याला वाचून दाखवील, लहान गावात तेवढं होतंच.

२०२१ पासून शेडमध्ये फक्त खत. आणि येणाऱ्या प्रत्येक लॉटचे शंभर दाणे आम्ही दुकानाच्या दारात, पोत्यावर, सगळ्यांना दिसेल असे लावतो. शेजारच्या पाटीवर खडूनं लॉट नंबर आणि आकडा. याचा तोटा झाला. दोन कंपन्यांच्या माणसांना हे पटलं नाही, त्यांनी माल दुसऱ्या दुकानाकडं वळवला. काही गिऱ्हाइकंही गेली. ७४ चा आकडा बघून म्हणतात, शंभरातले सव्वीस मेलेलं बी आम्ही का घ्यावं? तिकडं पाटी नाही तिथं जाऊन तेच बी घेतात. पोरगा म्हणतो पाटी काढा, मागितलं त्यालाच सांगा. दुकान पुढं चालवायचं की नाही हे त्याचं ठरत नाही, पाटीचं मात्र ठरलंय.

२०२५ च्या सप्टेंबरात मांजरा-तेरणाच्या काठानं जे पाणी झालं ते बघितलं तेव्हाच कळलं, येत्या मृगाला बी पुन्हा हलकं येणार. यंदाचा पहिला लॉट गेल्या आठवड्यात आला. आतल्या खोलीत ठेवला, हमालांनी अलगद उतरवला, त्यासाठी बॅगेमागे दोन रुपये जास्त दिले. काल पाचवा दिवस. बायकोनं पोतं उलगडलं आणि दाराच्या उजेडात मोजायला बसली. दहाच्या ओळी, एकेक कोंब सरळ करत. शेवटच्या ओळीतला एक कोंब वाकडा होता, मूळ फुटलेलं पण टोकाला काळं.

"हे धरलं तर सत्तर," ती म्हणाली.

घरात ४० बॅगा होत्या, पैसे भरलेले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठलो. युरियाची दोन पोती देऊन परत आलो तर ती आत गेली होती. पाटीवर ६९ लिहिलेलं होतं.